डीपीटीच्या पहिल्याच वर्षी निवडणूक : कुठल्या पदाला उभं राहावं?

नीरेकाठची

नमस्कार मंडळी. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) पुण्यात केलं, थोडी नोकरी केली आणि या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियात डीपीटीला (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, इथला फिजिओचा कोर्स) आले. सध्या डिसेक्शन लॅब चालू आहे, त्यामुळे केसांना फॉर्मलिनचा वास आणि डोक्यात ब्रेकिअल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं), एवढंच आयुष्य.

काल दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मेल आली की पंधरवड्यात आमच्या बॅचची निवडणूक आहे. वर्गाध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, समाजसेवा प्रमुख, निधीसंकलन प्रमुख, एपीटीए (फिजिकल थेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना) प्रतिनिधी, राज्य शाखेचा प्रतिनिधी, शिवाय कॉलेजच्या मोफत क्लिनिकच्या बोर्डावर चार जागा. वर्ग पन्नासेक जणांचा. म्हणजे चौथा माणूस पदाधिकारी! आमच्याकडे सीआर (वर्गप्रतिनिधी) म्हणजे झेरॉक्सचे पैसे गोळा करायचे आणि सरांच्या केबिनबाहेर ताटकळायचं.

प्रश्न असे:
याचा पुढे खरंच उपयोग होतो का? एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असताना काही अडचण येते का? आणि उभं राहायचंच तर कुठल्या पदाला? इथली मुलं बोलायला लागली की थांबत नाहीत, मी वर्गात हात वर करायच्या आधी मनात वाक्य दोनदा जुळवते. घरून सल्ला आला आहे की 'तिकडे शिकायला गेलीस, पुढारीपण करायला नाही.'

अनुभवी लोकांनी सांगा.

ओहायोकर

मी मुंबईत शिकून, एफसीसीपीटीकडून (परदेशी फिजिओंच्या पदव्या तपासणारी संस्था) कागद तपासून घेऊन परीक्षा देऊन आलो, त्यामुळे ही पदं मी स्वतः भूषवलेली नाहीत. पण गेली बरीच वर्षं माझ्याकडे डीपीटीची मुलं क्लिनिकलला (पेशंटवर प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला) येतात. कोणी कसलं पद सांभाळलं होतं ते दुसऱ्या आठवड्यात कळायला लागतं, रेझ्युमे न बघता.

वर्गाध्यक्ष : नाव मोठं, काम पोस्टमनचं. उदाहरण देतो. न्यूरोची प्रॅक्टिकल आणि ऑर्थोची लेखी एकाच दिवशी आली. वर्गाच्या ग्रुपवर रात्रभर आरडाओरडा. वाईट अध्यक्ष तो सगळा आरडाओरडा प्रोग्राम डायरेक्टरला फॉरवर्ड करतो. चांगला अध्यक्ष आधी लॅब कुठल्या दिवशी रिकामी आहे ते बघतो, दोन्ही प्राध्यापकांचं कॅलेंडर बघतो, आणि दोन पर्यायी तारखा घेऊनच दारावर टकटक करतो. प्राध्यापकाला तक्रार नको असते, तारीख हवी असते. हे ज्याला जमलं त्याला पुढे सर्जनच्या ऑफिसशी फोनवर बोलणंही जमतं. 'पेशंटला अजून वजन टाकू देत नाही, प्रोटोकॉल बदलू का?' हा फोन करताना निम्मी मुलं घाबरतात.

खजिनदार : सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात शिकवणारं पद. टी-शर्टांची ऑर्डर, युनिव्हर्सिटीच्या अकाउंट्स ऑफिसची मंजुरी, पावत्या, परिषदेला जाणाऱ्यांना प्रवासखर्च वाटून देणं. स्वतःचं क्लिनिक काढायचं स्वप्न असेल तर दुसरीकडे बघूच नकोस.

एपीटीए प्रतिनिधी : सभासद नोंदणी, राज्य शाखेच्या बैठका, आणि फेब्रुवारीच्या सुमारास जी मोठी वार्षिक परिषद असते, सीएसएम, तिथे बॅचला घेऊन जाणं. हजारो पीटी (फिजिकल थेरपिस्ट) एका छताखाली असतात. लाजणाऱ्या माणसाला तिथे एक फायदा आहे : पदाचा बिल्ला गळ्यात असला की लोक आपणहून बोलतात.

सचिव, उपाध्यक्ष : ज्याला कॅलेंडर सांभाळायला आवडतं त्यानं घ्यावं. बाकी काही नाही.

एक गोष्ट मात्र आधीच विचारून घे. तिसऱ्या वर्षात तुम्ही पूर्णवेळ क्लिनिकलला, कदाचित दुसऱ्याच राज्यात. तेव्हा पद कुणाकडे असतं? चांगल्या प्रोग्राममध्ये दुसरं वर्ष संपायच्या आत सूत्रं खालच्या बॅचकडे जातात. जिथे तसं लिहून ठेवलेलं नसतं तिथे ॲरिझोनात क्लिनिकलला बसून पेनसिल्व्हेनियातल्या पिझ्झाचं बिल चुकतं करावं लागतं.

सडेतोड_दादर

मी उलटं बोलणार. लायसन्स देणारं बोर्ड तू कशाची अध्यक्ष होतीस ते विचारत नाही. एनपीटीईत (लायसन्सच्या परीक्षेत) २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर ६०० आणावे लागतात, मग तू बॅचसाठी किती टी-शर्ट विकलेस याचा हिशोब कुणी मागत नाही. परदेशी विद्यार्थ्याची फी, वर एज्युकेशन लोन, रुपयाचा भाव. जो वेळ आहे तो अभ्यासाला दे, उरला तर जीएशिप (कॉलेजातलं पगारी सहायकाचं काम) शोध, निदान चार पैसे मिळतील. बहुतेक प्रोग्रामना जीपीए ३.० च्या खाली गेलेला चालत नाही, हे विसरू नका. ही 'लीडरशिप' म्हणजे कॉलेजांची फुकटात कामं करून घ्यायची युक्ती आहे. ओपन हाउसला खुर्च्या कोण लावतं? स्टुडंट लीडर्स.

शार्लटची_काकू

खुर्च्यांचं खरं आहे, हसले वाचून.

आमची लेक इथेच जन्मलेली, दोन वर्षांपूर्वी डीपीटी झाली. ती निधीसंकलन प्रमुख होती. मार्क्वेट चॅलेंज म्हणून एक भानगड असते. मिलवॉकीच्या मार्क्वेट युनिव्हर्सिटीच्या मुलांनी १९८९ मध्ये सुरू केलेली, आता देशभरची पीटी कॉलेजं त्यात एकमेकांशी चढाओढ करून पैसे जमवतात आणि ते फिजिकल थेरपीच्या संशोधनासाठी असलेल्या फाउंडेशनला जातात. तरुण संशोधकांना त्यातून अनुदान मिळतं. तर आमच्या घरात महिनाभर बेसनाच्या लाडवांचा कारखाना. तिच्या वर्गातल्या मुलांना ते 'प्रोटीन बॉल्स' म्हणून विकले, आणि मी काही बोलले नाही, कारण खपले.

गमतीचा भाग सोडा. तिला एक अडचण आली ती सांगते. कार्यक्रम ५ किलोमीटरच्या रनचा होता. कल्पना सगळ्यांनी दिल्या, रस्त्याची परवानगी मात्र कोणीच काढली नाही. शेवटी हिनेच शहराच्या ऑफिसात खेटे घातले, विम्याचा कागद आणला, ॲम्ब्युलन्स कुठे उभी राहणार याचा नकाशा काढून दिला. परीक्षा तोंडावर आणि ही नकाशे काढतेय, मला झोप नाही. पण आता नोकरीवर लागल्यापासून तिच्या क्लिनिकमध्ये नवा कुठलाही कार्यक्रम असला की पहिली तिलाच विचारतात. हा फायदा म्हणायचा की शिक्षा, ते तुम्हीच ठरवा.

सडेतोड_दादर

काकू, शिक्षाच. :)

नीलकंठ_मिरज

मी इकडे महाराष्ट्रात एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवतो. अमेरिकेतल्या पदांची मला फार माहिती नाही, पण धागाकर्तीनं 'आमच्याकडे सीआर म्हणजे झेरॉक्स' असं लिहिलं आहे, तेवढ्यापुरतं बोलतो. आपल्याकडे पदं कमी आहेत, कामं नाहीत असं नाही.

आमच्याकडची एमपीटीएचची (पदव्युत्तर, म्हणजे पीजी) मुलं आषाढी वारीत शिबिर लावतात. अनेक कॉलेजं लावतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते, तेव्हा माणसांचे गुडघे आणि पोटऱ्या बोलत असतात. कॉलेज गाडी देतं, बँडेज-बर्फाचे पैसे देतं, एक शिक्षक सोबत असतो. बाकी सगळं दुसऱ्या वर्षाच्या पीजीच्या डोक्यावर. नगरपरिषदेची जागा, मांडव, पाणी, लाइट, बीपीटीएचच्या मुलांच्या पाळ्या, त्यांच्या जेवणाची सोय.

खरी कसोटी टेबलावर लागते. तिसऱ्या वर्षाचा मुलगा उत्साहानं शेकाची पिशवी घेऊन धावतो. समोर साठीचे आजोबा, पंचवीस वर्षांचा मधुमेह, तळव्याला बधिरपणा. पीजीनं तिथे ओरडून नाही, पण ठामपणे पिशवी काढून घ्यायची असते. संवेदना नसलेल्या पायाला शेक दिला तर भाजलेलं त्यांना कळणारही नाही, आणि पुढे पंढरपूरपर्यंत ते त्याच पायावर चालणार. किंवा एखाद्या मावशी येतात, एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दाबली की दुखते. मावशी म्हणतात, 'चोळून दे बाळा.' चोळायचं नाही. रक्ताची गुठळी असू शकते. सरळ वैद्यकीय पथकाकडे. आणि मागे दोनशे माणसांची रांग, त्यातले निम्मे म्हणतात, 'त्या पोरीनं म्हातारीला हात पण नाही लावला.' ही बोलणी खाऊन शांत राहायचं आणि ज्युनिअरला त्याच वेळी कारण समजावून सांगायचं, याला मी नेतृत्व म्हणतो.

आमच्या एका विद्यार्थिनीनं शिबिराच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला : दिंडी क्रमांक. त्याआधी नाव, वय, गाव, तक्रार, उपचार एवढंच असायचं. सासवडला पाय बांधलेला माणूस दोन दिवसांनी पुढे जातो, लाखोंच्या गर्दीत तुम्ही त्याला नावानं कसं शोधणार? दिंडी क्रमांक असला की पुढच्या मुक्कामावरच्या पथकाला फोन करून सांगता येतं, अमुक दिंडीतल्या अमुक माणसाचा फोड बघा. त्या मुलीला कोणी निवडून दिलं नव्हतं.

नीरेकाठची

नीलकंठ सर, इंटर्नशिपमध्ये मी सासवडला त्याच टेबलावर बसले आहे! आमच्या कॉलेजचं शिबिर वेगळं असेल, पण रजिस्टर माझ्याकडेच होतं. गर्दी वाढली की मुलं उपचार करून मोकळी व्हायची, लिहायची नाहीत, मग मी रांगेच्या तोंडाशीच चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. चिठ्ठी असेल तरच टेबल. हे 'लीडरशिप' म्हणून कुठे सांगावं असं डोक्यातही आलं नव्हतं. इकडच्या अर्जात मी त्या रकान्यात शाळेतली मॉनिटरगिरी लिहिली आहे.

ओहायोकर दादा, थँक्यू, खजिनदार एकदम पटलं होतं. पण आता मोफत क्लिनिकच्या जागांकडे लक्ष गेलंय. त्याबद्दल कोणी सांगेल का?

फिलीकर_पोहेवाला

आम्ही सांगू की. तुझ्याच राज्यात यातलं गाजलेलं उदाहरण आहे. चेस्टर गावात वायडनर युनिव्हर्सिटीच्या पीटी विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये क्लिनिक काढलं, ज्यांच्याकडे विमा नाही किंवा तुटपुंजा आहे अशांसाठी. चालवणारं बोर्ड विद्यार्थ्यांचं, उपचार विद्यार्थी करतात, डोक्यावर लायसन्स असलेले पीटी देखरेखीला. त्यांच्याच पुढाकारानं अशा मोफत क्लिनिकांचं जाळं तयार झालं आणि त्याची परिषदही भरते. देशात आता अशी क्लिनिकं बऱ्याच प्रोग्राममध्ये आहेत.

मी दुसऱ्या एका कॉलेजच्या क्लिनिकमध्ये देखरेखीला जातो, संध्याकाळचं. आतून कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुला जागा निवडता येईल.

विम्याच्या वीस भेटी संपल्या म्हणून दुसऱ्या दवाखान्यानं सोडलेले स्ट्रोकचे पेशंट येतात. घरं रंगवणारे, छपरं शाकारणारे कामगार येतात, खांदा गेलेला असतो पण काम सोडता येत नाही. बरेच जण स्पॅनिश बोलणारे, म्हणून दुभाष्या लागतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या जोडीला बसतो. पहिलीवाला गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) धरतो, ब्लड प्रेशर घेतो, दुसरीवाला तपासतो आणि नोट लिहितो, मी सही करायच्या आधी दोघांना प्रश्न विचारतो.

अशा बोर्डावर साधारण चार प्रकारची कामं असतात. पाळ्या लावणं, पैसे आणि सामान, देखरेखीला पीटी मिळवणं, आणि पेशंटचा पाठपुरावा. सगळ्यात अवघड कुठलं, तर पीटी मिळवणं. फुकट संध्याकाळ द्यायला तयार असलेले लोक थोडे, आणि माझ्यासारखा एक जण आयत्या वेळी आजारी पडला की त्या दिवसाचं क्लिनिकच बंद. कारण लायसन्सवाला नसेल तर विद्यार्थ्यानं पेशंटला हात लावायचा नाही, यात सूट नाही. ज्या मुलाकडे हे खातं आहे त्याच्याकडे नेहमी दोन बदली नावं तयार असतात. तो मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. फोनवर मात्र मला कधी 'नाही' म्हणू देत नाही.

पाठपुरावा हे खातं दिसायला कारकुनी आहे. पेशंट दोनदा आला नाही की फोन करायचा. बहुतेक वेळा कारण बसचं असतं. मागच्या बोर्डातल्या मुलीनं आठवड्याचा वार बदलायला लावला, कारण त्या भागात बुधवारी शेवटची बस लवकर सुटायची. वार बदलल्यावर रिकाम्या जाणाऱ्या अपॉइंटमेंट कमी झाल्या. तिनं त्याचा तक्ता करून परिषदेत पोस्टर लावलं.

सडेतोड_दादर

हे मात्र मान्य. यात निदान पेशंट आहे. माझा राग बिल्लेवाल्यांवर होता.

पण एफ-१ चं कोणी बोललं नाही अजून.

कायद्याचं_बोला

येतोय त्यावर. मी पीटी नाही, माझी बायको आहे, पण व्हिसाचे कागद घरात मीच वाचतो.

१. बिनपगारी पद कॉलेजमध्ये असेल तर अडचण नाही. पदाला मानधन असेल तर ती कॅम्पसवरची नोकरी धरली जाऊ शकते, आणि सत्र चालू असताना सगळं मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. जीएशिप घेतलीस तर तेही त्यातच मोजायचं.

२. क्लिनिक कॅम्पसबाहेर असेल, किंवा कोर्सचा भाग म्हणून तास मोजले जाणार असतील, तर आधी डीएसओला (कॉलेजातला परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणारा अधिकारी) मेल. तोंडी नाही, मेल. उत्तर जपून ठेव.

३. हे कोणी सांगत नाही म्हणून ठळक लिहितो. एपीटीए प्रतिनिधीच्या कामात राजकीय निधीचा विषय येतो. संघटनेची पॅक (राजकीय देणग्या गोळा करणारी समिती) आहे, ती उमेदवारांना देणग्या देते, आणि विद्यार्थ्यांकडूनही छोट्या रकमा गोळा करतात. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसानं अशी देणगी द्यायला अमेरिकन कायद्यानं बंदी आहे. रक्कम पाच डॉलर असली तरी. देणग्या कुणाला द्यायच्या या निर्णयातही बसायचं नाही. डबा फिरत आला की पुढे सरकव. कुणाला राग येत नाही, कारण सांगितलं की समजतात.

खासदाराला पत्र लिहायला, भेटायला मात्र काही आडकाठी नाही. आणि ते काम करण्यासारखं आहे. १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट कायद्यानं मेडिकेअरमध्ये (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) बाह्यरुग्ण थेरपीवर वार्षिक खर्चाची मर्यादा घातली. त्यात फिजिकल थेरपी आणि स्पीच थेरपी एकाच मर्यादेत कोंबलेली, ओटीची (ऑक्युपेशनल थेरपीची) वेगळी. म्हणजे स्ट्रोकच्या पेशंटनं चालायला शिकायचं की बोलायला, असा प्रश्न. दर वेळी संसद ती पुढे ढकलायची नाहीतर अपवाद काढायची. पीटीच्या मुलांनी त्याविरुद्ध देशभर एकाच वेळी पत्रांचा मारा करायच्या मोहिमा चालवल्या, 'फ्लॅश ॲक्शन' नावानं. फेब्रुवारी २०१८ मध्ये मर्यादा कायमची गेली. एकट्या मुलांमुळे गेली असं कोणी म्हणणार नाही, वीस वर्षं सगळे लागले होते. आणि त्याच कायद्यात किंमतही मोजावी लागली : पीटी असिस्टंटनं दिलेल्या उपचाराचे पैसे २०२२ पासून ८५ टक्केच मिळतात. जिंकल्याचे फोटो काढणाऱ्यांनी हे वाक्य फारसं सांगितलं नाही.

मुग्धा_ठाणे

अवांतर : पत्रांवरून आठवलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्यसेवा महासंचालनालयाचं पत्र आलं की फिजिओंनी नावाआधी 'डॉ.' लावू नये, आणि लगेच ते मागेही घेतलं. त्या दोन दिवसांत आमच्या ग्रुपवर जेवढी एकी दिसली तेवढी स्टायपेंडच्या प्रश्नावर कधी दिसली नाही! तिकडे डीपीटी झाल्यावर 'डॉक्टर' लावतात का?

सडेतोड_दादर

झालं. आता दीडशे प्रतिसाद यावर.

संपादक

'डॉ.' या विषयावर आधीच वाहता धागा आहे, तिकडे जा. इथले त्यावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

मिनेसोटाची_थंडी

धागाकर्तीच्या बोलण्याच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. मी कोल्हापूरची, मराठी माध्यम, इकडे डीपीटीचं दुसरं वर्ष संपत आलंय, राज्य शाखेची विद्यार्थी प्रतिनिधी आहे.

भाषण दोन मिनिटांचं असतं. इथल्या मुलांचं पहिलं मिनिट 'मला हा व्यवसाय किती आवडतो' यात जातं. तू ते वगळ. आपल्या उच्चाराचं म्हणशील तर सावकाश बोललं की कळतं, आणि आपण घाबरलो की वेग वाढतो, एवढंच आहे. मी भाषण फोनवर रेकॉर्ड करून रूममेटला ऐकवलं आणि तिला जे शब्द कळले नाहीत ते बदलून टाकले. 'इनिशिएटिव्ह' हा शब्द गेला, कुणाचंच नुकसान झालं नाही.

बैठकींची मात्र तयारी कर. राज्य शाखेत कामकाज रॉबर्ट्स रूल्सनं (सभा चालवायच्या ठरलेल्या नियमांनी) चालतं. ठराव मांडणारा, अनुमोदक, मग चर्चा, मग मतदान. मला वाटायचं की हात वर करून बोलायचं. पहिल्या बैठकीआधी एका सीनिअरनं एका पानावर लिहून दिलं कधी काय म्हणायचं ते. हे एकदा पाठ झालं की आपल्याला बरंच पडतं, कारण कुणाला मधेच तोंड घालता येत नाही. नियमानं आपली पाळी येते. मोठ्यांदा बोलणाऱ्यांच्या देशात लाजऱ्या माणसाची सोय यापेक्षा कुठे नाही.

जाता जाता, निवडणूक हरलीस तर दुसऱ्या दिवशी जिंकणाऱ्याला मेल कर की मदत लागली तर सांग. नोव्हेंबरपर्यंत एकदोन जण राजीनामा देतातच. माझं पद असंच आलं.

शार्लटची_काकू

हे शेवटचं अगदी खरं! आमच्या लेकीचा उपप्रमुख पहिल्या फार्माकॉलॉजीच्या पेपरानंतर गायब झाला.

ओहायोकर

फिलीकरांनी दाखवलेलं बघता मीही मत बदलतो. खजिनदार चांगलं, पण क्लिनिकचा पाठपुरावा तुझ्यासाठी जास्त चांगला. तुझ्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या त्या वर्गात कुणाकडेच नाहीत : तू पेशंट बघितलेले आहेत, आणि तू गर्दी बघितली आहेस. बाकीच्यांनी आत्तापर्यंत ऑब्झर्वेशनचे तास भरलेत आणि सिम्युलेटेड पेशंट पाहिलेत.

सडेतोडांच्या मुद्द्यावर एक. रेसिडेन्सीला (डीपीटीनंतरच्या विशेष प्रशिक्षणाला) जायचं असेल, ऑर्थो, न्यूरो, स्पोर्ट्स कुठलीही, तर तिथे सेवा आणि नेतृत्वाबद्दल विचारतात, आणि शिफारसपत्र देणाऱ्याकडे लिहायला काहीतरी लागतं. 'हुशार आहे, वेळेवर येते' यावर अर्ज पुढे सरकत नाही. 'वार बदलायला लावला' यावर सरकतो. रेसिडेन्सी नको असेल तर सडेतोड बरोबर आहेत, ६०० आणा आणि कामाला लागा.

नीलकंठ_मिरज

एक शिक्षक म्हणून भर घालतो. पद घेताना आधीच्या माणसाकडून लेखी काय मिळतं ते विचारा. आमच्याकडे वारीची फाइल आहे : कुणाला कधी अर्ज करायचा, मांडववाल्याचा नंबर, मागच्या वर्षी क्रेप बँडेज किती लागली, बर्फ कुठून आणला. ज्या वर्षी फाइल नीट लिहिली गेली नाही त्याच्या पुढच्या वर्षी शिबिराचा पहिला दिवस बर्फ शोधण्यात जातो. पद स्वीकारायच्या आधी फाइल मागा. फाइल नसेल तर ती तयार करणं हेच वर्षभराचं काम, आणि तेही पुरेसं आहे.

नीरेकाठची

सगळ्यांचे आभार. आज दुपारी क्लिनिकच्या बोर्डावरच्या मुलीला गाठलं. फाइल आहे! गूगल ड्राइव्हवर, पण शेवटची नोंद मागच्या वसंतातली. पाठपुरावा खात्याला अजून कुणीच नाव दिलेलं नाही, सगळ्यांना पाळ्या लावायचं खातं हवंय. पद बिनपगारी, क्लिनिक कॅम्पसवरच, तरी डीएसओला मेल टाकली आहे. सूत्रं दुसऱ्या वर्षाच्या शेवटी खाली द्यायची असं त्यांच्या नियमावलीत लिहिलेलं आहे, तेही बघून घेतलं.

निवेदन पाच ओळींचं द्यायचं आहे. मराठीत कच्चं असं लिहिलंय, तपासा :

'मी भारतात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं आहे. मला लोकांची सेवा करायला मनापासून आवडतं. भारतात एका मोठ्या यात्रेत पायी चालणाऱ्यांसाठी आम्ही शिबिर लावायचो, तिथे नोंदवहीचं काम माझ्याकडे होतं. गर्दीत नोंदी राहून जात होत्या, म्हणून मी रांगेतच चिठ्ठ्या देण्याची पद्धत सुरू केली. क्लिनिकमध्ये न येणाऱ्या पेशंटना फोन करण्याचं काम मला द्या.'

मिनेसोटाची_थंडी

दुसरी ओळ काढ, ती पन्नासही जणांच्या निवेदनात असेल. त्या जागी यात्रेत माणसं किती आणि किती दिवस चालतात ते लिही, इथे कुणाला कल्पना नाही. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं, मैलांत करून टाक, दीडशेहून जास्त होतात.

फिलीकर_पोहेवाला

आणि 'फोन करण्याचं काम' च्या जागी 'पेशंट का येत नाहीत ते शोधायचं काम' असं कर. फोन काय, कोणीही करतं. पहिल्याच आठवड्यात तुमच्या क्लिनिकच्या बसचं वेळापत्रक काढ आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी त्या भागातला आहे.

सडेतोड_दादर

मत देता आलं असतं तर दिलं असतं. आता ऊठ, ब्रेकिअल प्लेक्सस कर.